कोण आलं नाही

माझ्या खोलीत यायचं तर आधी खेळाच्या सामानाच्या खोलीतून यावं लागायचं. भाले, गोळे, उसवलेल्या गाद्या, हवा गेलेले व्हॉलीबॉल, आणि त्यांच्या पलीकडे एक दार. दाराआड माझं टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि माझ्याआधी कुणीतरी लावलेलं सूर्यास्ताचं चित्र. बीडमधल्या एका महाविद्यालयाचा हा विद्यार्थी समुपदेशन कक्ष. अकरा महिन्यांच्या करारावर मी तिथे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. करार संपत आला तेव्हा कुणी वय विचारलं तर मला आठवायला थोडा वेळ लागायचा.

मुलं यायची ती बॉल घ्यायला. म्हणजे तसं सांगून. दारात उभं राहून, मागे कुणी आहे का ते बघून, "मॅडम, बॉल हाय का?" मुली दोरीउड्यांची दोरी मागायच्या. मग आत येऊन खुर्चीच्या कडेला टेकायच्या. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाला अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं. कुणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की उन्हाळ्यापर्यंत गावातल्या घराला कुलूप. सुट्टी लागली की सगळं वसतिगृह घरी पळायचं आणि असा मुलगा एकटाच पेटी भरून पलंगावर बसून राहायचा.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं, वर समुपदेशनाचं प्रशिक्षण. औषधाची गरज दिसली तर मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं, नाहीतर मला येतं ते शिकवायचं. श्वास हळूहळू सोडायचा. पाय जमिनीला टेकवायचे. दिवसाची तीनच कामं कागदावर लिहायची. फारच वाईट वाटायला लागलं तर फोन कुणाला करायचा ते चांगल्या दिवशीच ठरवून ठेवायचं. साध्या गोष्टी आहेत. पण त्याच गोष्टी दिवसातून सात-आठ वेळा, दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय असं सांगायच्या असतात. संध्याकाळी घरी जाताना मला रिक्षावाल्याशी बोलायचाही कंटाळा यायचा. महिनाअखेरी वरून एकच विचारणा व्हायची: किती विद्यार्थी आले? आकडा लिहायचा, सोबत एक फोटो जोडायचा.

मला ते बॉलचं नाटक खुपायचं. माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील चळवळीतले, पुढच्या खोलीत छपाईचं जुनं यंत्र. पाण्यासाठी पत्रक, रेशनसाठी पत्रक, बंद झालेल्या बसच्या फेरीसाठी पत्रक. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले, उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवली. आमच्या घरी कुजबुजणं हा दुर्गुण होता. खरं असेल ते ठळक अक्षरांत छापावं आणि चौकात उभं राहून वाटावं. वडिलांचा एक नियम होता: पत्रकात एक खरा माणूस पाहिजे. नाव नको, पण माणूस खरा. नाहीतर कागद वाऱ्यावर जातो.

त्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी बाहेर लाल अक्षरांत फलक लावला. मनाचा त्रास लपवू नका, इथे बोला. खाली ठसठशीत बाण. पुढचे दोन आठवडे बॉलसुद्धा कुणी मागितला नाही. शेवटी खेळ विभागाच्या शिपाईमामांनी मला न विचारता त्या फलकासमोर गाद्यांची चळत उभी केली, आणि मुलं परत यायला लागली. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. गाद्यांना जरा हवा लागू द्या."

तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

तो जानेवारीत आला. विज्ञान शाखेचं शेवटचं वर्ष. पाटोद्याच्या बाजूचं मेंढपाळाचं घर. कळप वर्षातला बराच काळ फिरतीवर, आई आणि थोरला भाऊ कळपासोबत. गेल्या वर्षी रसायनशास्त्राच्या पेपरला हा वीस मिनिटांत उठून बाहेर आला होता. प्रश्नपत्रिका हातात पडली, अक्षरं हलायला लागली, बोटं बधीर झाली, छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. घरी सांगितलं, पेपर अवघड होता. निकाल लागल्यावर भावानं एकच सांगितलं: यंदा आणखी एकदा बस. यंदाही उठलास तर पुस्तकं ठेव आणि काठी घे. भावानं स्वतः सातवीनंतर काठी घेतली होती, ती याला शिकता यावं म्हणून.

"मेंढरामागं जाणं वाईट हाय असं न्हाई मॅडम," तो म्हणाला. "मेंढरं चांगलीच हायत. पण मला एखादी प्रयोगशाळा पायजे. बारकी का असंना."

एप्रिलअखेर तो पेपर होता. सगळं त्यावर होतं, आणि आमच्या हातात तीन महिने.

घाबरायला झालं की आजूबाजूच्या दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायच्या, ही एक पद्धत मी सगळ्यांना शिकवते. त्याला ती चालेना. मोजायला लागलं की पुन्हा पेपरच आठवतो, म्हणाला. मग त्यानं सहज सांगितलं की त्यांच्यात कळपसुद्धा मोजत नाहीत. मोजला की घटतो, असं आई म्हणते. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घ्यायची असतात, त्याला ते वाघर म्हणतात. आई वाघरीच्या तोंडाशी उभी राहते, एकेक आत जाताना नुसती बघते.

"मग सगळी आली हे कळतं कसं?" मी विचारलं.

"कोण न्हाई ते कळतं की. ज्याचं तोंड दिसलं न्हाई ते आलं न्हाई."

आम्ही तेच घेतलं. परीक्षेच्या हॉलमध्ये बाकावर बसल्यावर त्यानं आई वाघरीशी उभी राहते तसं मनात उभं राहायचं आणि एकेकाला आत घ्यायचं. पेन आलं. ओळखपत्र आलं. पाण्याची बाटली आली. डावा पाय, उजवा पाय आला. श्वास राहिला मागे, तर त्याच्यासाठी थांबायचं. रिकामा हॉल मागून घेऊन मी त्याला जुन्या प्रश्नपत्रिका द्यायचे आणि पर्यवेक्षकासारख्या फेऱ्या मारायचे. पहिल्या दिवशी तो सात मिनिटं बसला. मार्चच्या शेवटी दीड तास. त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली, इतकं मला बरं वाटत होतं.

त्याच रविवारी वडील जेवताना म्हणाले, "तू पोरांना सोसायला शिकवतेस." आवाजात राग नव्हता, चेष्टाच होती. "हॉलमध्ये पंखा नाही, वसतिगृहात पाणी नाही, शिकून पुढे नोकरी नाही. आणि आमची लेक सांगते, श्वास सोडा." ही शंका माझीच होती. मी कामावरून थकून यायचे ती याच शंकेनं. ज्या गोष्टी बदलायला हव्यात त्या तशाच ठेवून पोरांना त्यांच्यात बसायची सवय लावणारी मी कोण?

सोमवारी मी पत्रक लिहिलं. मागण्या ठणकावून लिहिल्या: कायमस्वरूपी समुपदेशक हवा, परीक्षेच्या हॉलमध्ये पंखे हवेत, सुट्टीतही वसतिगृह उघडं हवं. त्या सगळ्या मागण्या मला आजही मान्य आहेत. आणि मग, सवयीनं, खरा माणूस. "मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला एक तरुण गेल्या वर्षी पेपर सोडून उठला. आज तो ताठ बसतो. कळप न मोजता कोण आलं नाही ते ओळखणाऱ्या आईकडून तो हे शिकला." गुलाबी कागदावर छापून घेतलं आणि सकाळी फाटकाशी उभं राहून स्वतः वाटलं. नाव कुठेही नव्हतं. एवढी काळजी आमच्या घरात घेतातच. त्या वर्गात मेंढपाळाच्या घरचा मुलगा एकच आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पत्रक चाललं. आठवडाभर माझ्या खोलीत रीघ लागली. पहिल्यांदाच मुलं बॉलचं नाव न घेता सरळ आत आली. एका मुलीनं तर पत्रक घडी करून वहीत ठेवलं होतं. त्या एका आठवड्याचाच आकडा आधीच्या कुठल्याही महिन्यापेक्षा मोठा होता. मी तो लिहिला, खाली रेघ ओढली, फोटो जोडला.

तो त्या आठवड्यात आलाच नव्हता. माझ्या लक्षात आलं नाही. मी मोजत होते.

पत्रक वाटल्यापासून नवव्या दिवशी त्याचा वसतिगृहातल्या खोलीतला जोडीदार आला. हातात त्याचं परीक्षेचं हॉल तिकीट. गादीखाली सापडलं म्हणाला. फोन बंद आहे, कपडे नाहीत, तो गेला ते पत्रक वाटलं त्याच्या तिसऱ्या दिवशीच.

"का गेला?" मी विचारलं. "तुमी नव दिवसांनी इचारताय व्हय?" तो म्हणाला. मग मान खाली घालून, "मीच केलतं पहिल्यांदा. कँटीनमध्ये. का बे, मेंढरं आत घेऊन पेपर लिहितो का, म्हणलो, आन् बें केलं. गमतीत. तो बी हसला. मग सगळ्यांनीच धरलं. वर्गात आला की बें, बाकावर बसला की बें."

पेपरला अकरा दिवस राहिले होते. कळप तेव्हा चौसाळ्याच्या बाजूला होता. खत मिळावं म्हणून शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात, तसा एका रानात बसवलेला. मी जोडीदाराच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. हमरस्त्यावर ट्रकांची धूळ, आणि मी मनात माफीचे मुद्दे लावत होते. तीन मुद्दे. पत्रकासारखेच.

भाऊ बांधावर उभा होता. मी जवळ जायच्या आधीच म्हणाला, "छापनाऱ्या बाई तुमीच का?"

मी हो म्हणाले.

"पावन्यानं कागदाचा फोटो फोनवर धाडला. पोरगं येडं झालंय का म्हनून इचारलं. सातवी शिकलोय मी, येतं मला वाचाया. आईचं बी छापलंय तुमी."

आई तीन दगडांच्या चुलीशी चहा करत होती. तिनं वर बघितलं. "माझं काय छापलं?"

"तू मेंढरं मोजीत न्हाईस ते."

"मग खरंच हाय की ते." ती माझ्याकडे वळून काळजीनं म्हणाली, "किती हायत ते तर न्हाई ना छापलं, माय?"

मी नाही म्हणाले. तिला बरं वाटलं. तिनं मला चहा दिला. भाऊ चहा न घेता कळपाकडे गेला.

तो पलीकडे बाभळीच्या फांद्या तोडून कोकरांपुढे टाकत होता. मी गेले तरी हात थांबले नाहीत. मी मुद्दे सुरू केले. पहिला मुद्दा अर्धा झाला असेल, तेव्हा तो पाठमोराच म्हणाला, "मॅडम, मला इचारलं कावून न्हाई?"

माझ्याजवळ त्याला दिलासा देणारी पुष्कळ वाक्यं होती. मी म्हणाले, "सुचलंच नाही." खरं तेवढंच होतं. आम्ही लोकांच्या बाजूनं आहोत, एवढंच आमच्या घरात पुरेसं मानलं जायचं. ज्याची बाजू घेतोय त्याला विचारायचंही असतं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

त्यानं कोयता खाली ठेवला. "पोरं बें करतेत त्याचं काय न्हाई. चार दिवस करतील. पण मी इथं बसून बघितलं मॅडम, डोळे मिटून. आई दिसायची ती दिसत न्हाई. तुमचा गुलाबी कागद दिसतो."

तीन महिने लागले होते ती एक गोष्ट तयार व्हायला. मी ती फाटकाशी उभी राहून वाटून टाकली होती. मी बांधावर बसले. मला इतका थकवा आला की वाटलं, आता इथून उठायचंच नको. नवी पद्धत माझ्याकडे नव्हती. असती तरी ती घ्यायला तो माझ्याकडे का येईल?

ऊन कललं तशी आई उठली. भाऊ पलीकडून मेंढरं हाकत आणू लागला आणि ती वाघरीच्या तोंडाशी उभी राहिली. मी ते पहिल्यांदाच बघत होते. ओठ हलत नव्हते, बोटं हलत नव्हती. मेंढरं एकमेकांना ढकलत आत जात होती आणि ती नुसती त्यांची तोंडं बघत होती. शेवटचं मेंढरू आत गेलं तरी तिनं जाळी ओढली नाही.

"काळ्या कानाची न्हाई आली," ती म्हणाली.

तो उठला. ओढ्याच्या काठानं गेला आणि थोड्या वेळानं एक लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन आला. तिनं जाळी ओढली. मी मात्र तिथे बसून ते नऊ दिवस मोजले.

निघताना जोडीदारानं हॉल तिकीट त्याच्यापुढे धरलं. त्यानं घेतलं नाही, आणि नको असंही म्हणाला नाही. शेवटी आईनं घेऊन डब्यात ठेवलं. जोडीदार पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "मी येतो रोज. लेक्चर झालं की. जुने पेपर आनतो. सुपरवायझर बनून उभा ऱ्हातो तुझ्यापुढं."

"तू?" तो म्हणाला. "तू बें करशील बे."

"करीन. तवा बी उठायचं न्हाई, आसं धर."

त्या दिवसात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. मी काय करायचं ते लिहून देते म्हणाले, तर भाऊ लांबूनच म्हणाला, "कागद नगं." मग परतीच्या वाटेवर, मोटरसायकलच्या आवाजात ओरडून, मी जोडीदाराला तोंडीच सगळं सांगितलं. सुरुवात पाच मिनिटांपासून करायची. उठला तर उठू द्यायचं, परत बसवायचं. आई वाघरीशी उभी असते त्याच वेळी, तिथेच, तिच्यासमोर बसवायचं. तिच्याकडे बघत बघत. बाकी काही नको.

जोडीदार दहा दिवस गेला. मला भावानं परत बोलावलं नव्हतं, मी गेले नाही. रोज विचारायचे, तो रोज एखादं वाक्य सांगायचा. आज उठला. आज न्हाई उठला. आज मेंढरानंच प्रश्नपत्रिका खाल्ली.

पेपरच्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभी होते. जिथे पत्रकं वाटली होती तिथेच. मुलं घोळक्यानं आत जात होती आणि मी तोंडं बघत होते. पहिली घंटा झाली. तो नव्हता. फाटक ओढायच्या जरा आधी भावाची मोटरसायकल आली, मागे तो. माझ्याकडे न बघता तो आत गेला. भाऊ लिंबाखाली गाडी लावून माझ्याजवळ आला.

"तुमी जावा आता," तो म्हणाला. बोलण्यात धार नव्हती. "त्याला खिडकीतनं तुमी दिसला की कागद दिसंल. मी हाय हितं."

मी गेले. खेळाच्या खोलीत गाद्यांच्या चळतीवर तीन तास बसून राहिले. शिपाईमामा एकदा चहा ठेवून गेले. मला शिकवता येतं ते सगळं मी त्या तीन तासांत स्वतःवर करून बघितलं. श्वास, पाय, दिसणाऱ्या वस्तू. थोडंफार चाललं. फार नाही.

जोडीदार घामाघूम होऊन आला. "उठलता मॅडम. अर्ध्या तासात. मला वाटलं गेला आता. भिंतीपाशी उभा ऱ्हायला, पाणी प्याला, सरांना कायतरी म्हणला."

"आणि?"

"परत बसला. शेवटची घंटा होईपस्तोर बसला. पुरवणी घेतली त्यानं, मॅडम."

मी बाहेर आले तोवर लिंबाखालची मोटरसायकल गेली होती.

तो पास झाला, काठावर. माझा करार नव्यानं झाला नाही. पत्रकामुळे का, ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जायच्या आदल्या दिवशी मी गाद्यांमागचा लाल फलक काढला आणि दाराशी एक खोकं ठेवलं, त्यात हवा भरलेले चार बॉल. नवीन येणाऱ्या बाईंना शिपाईमामा सांगतील. मी आता दुसरीकडे हेच काम करते. तिथेही आकडाच मागतात, तो मी देते. पण शुक्रवारी दार लावायच्या आधी बसून आठवते, या आठवड्यात कोण आलं नाही. मग फोन करते. निम्मे उचलत नाहीत. त्यांना परत करावे लागतात. वडिलांच्या टोमण्याला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. हॉलमध्ये पंखे अजून लागलेले नाहीत.

हे सगळं लिहिल्यावर मी ते घेऊन गेले. चौसाळ्याच्या बसथांब्यावर तो भेटला. तो अजून प्रयोगशाळा शोधतोय, तोवर भावाला मदत करतो. बाकावर बसून त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, माझं पेन मागून घेतलं आणि दोन ठिकाणी रेघ मारली. ते दोन्ही मजकूर इथे नाहीत.

"मेंढरांचं काढू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. ते तर सगळ्यांना ठावच झालंय." कागद परत देता देता तो थांबला. "किती हायत ते कुठं लिवलं न्हाई ना?"

"नाही."

"मग छापा," तो म्हणाला.